मिलिमीटरसाहेबांच्या झडपा

व्हरांड्याला लाकडी झडपा बसवायच्या, एवढंच काम होतं. मिस्त्रीला बोलवायचं, त्यानं माप घ्यायचं, लाकूड कापायचं, झडपा ठोकायच्या आणि घरी जायचं. रोज कितीतरी माणसं अशा झडपा बसवून घेतात आणि त्यांची कुणी गोष्ट सांगत बसत नाही. पण ती माणसं मिलिमीटरसाहेब नसतात, त्याला कोण काय करणार?

मिलिमीटर हे काही त्यांचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. वजनमाप खात्यात तीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यावर दुकानदारांनी प्रेमानं, म्हणजे दातओठ खात, बहाल केलेलं ते नाव. पारड्याखाली चिकटवलेला च्युइंगमचा गोळा त्यांना दुकानाच्या दारातून दिसायचा. निवृत्त होऊन वर्ष झालं, पण डोळा काही निवृत्त झाला नव्हता. कुणाकडे चहाला गेले की भिंतीवरचं चित्र डावीकडे किती कललंय हे सांगितल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. हल्ली चहाची बोलावणी जरा कमीच येत.

घरात माणसं तीन. साहेब, त्यांची बायको आणि बाबा. बाबा म्हणजे साहेबांचे वडील, वय ब्याऐंशी, धंदा शिंप्याचा. दुकान केव्हाच बंद झालं होतं, पण शिलाई मशीन व्हरांड्यात होतं आणि मशीनमागे बाबा होते. शेजारपाजारच्यांनी उसवलेली पिशवी, लांब झालेली पँट, तुटलेलं बटण घेऊन यायचं, कठड्यावर टेकून तासभर गप्पा मारायच्या आणि शिवलेलं घेऊन जायचं. पैसे बाबा घेत नसत. त्यांना गप्पा पुरत.

गेल्या पावसाळ्यात मात्र आडवी झड सरळ व्हरांड्यात आली. मशीन गंजलं आणि बाबा दीड महिना खोकले. डॉक्टरांनी बजावलं, की आता पावसाळ्यात व्हरांड्यात बसणं बंद. साहेबांच्या बायकोनं त्याच दिवशी निकाल देऊन टाकला.

"अहो, नीट ऐका. पुढच्या पावसाच्या आत झडपा लागल्या, तर मशीन व्हरांड्यात. नाही लागल्या, तर मशीन माळ्यावर आणि बाबा आतल्या खोलीत."

आतल्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीकडे तोंड करून होती. त्या भिंतीशी गप्पा मारणं बाबांनासुद्धा जमलं नसतं.

"मशीन माळ्यावर टाकणार असाल," बाबा मशीनला तेल घालत म्हणाले, "तर आधी मला टाका. मी वरून धरतो."

झडपा लावायच्याच, असं साहेबांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. बाबांसाठी काही करायचं म्हटलं की ते असेच उतावीळ व्हायचे, त्याला कारण होतं. एकतीस वर्षांपूर्वीचं.

नोकरीला लागून तीन महिने झाले होते. अंगात नवा गणवेश आणि डोक्यात नवा कायदा. बाजारातल्या सगळ्या शिंप्यांच्या टेपा तपासायचा हुकूम निघाला. दुसरं कुणी असतं तर बापाचं दुकान सोडून पुढे गेलं असतं, किंवा आदल्या दिवशी घरी गुपचूप सांगितलं असतं. साहेबांनी बापाच्या दुकानापासूनच सुरुवात केली. पक्षपात नको म्हणून. टेप ताणली गेली होती, मीटरला दोन सेंटिमीटर. साहेबांनी चार गिऱ्हाइकांदेखत बापाच्या गळ्यातली टेप काढून घेतली, तिच्या टोकाला भोक पाडलं, मागे शाईनं जप्तीचा आकडा घातला, तारेनं चिठ्ठी बांधली आणि पंचनाम्यावर बापाची सही घेतली.

"अरे, माणूस हिनंच मोजतो, कापड हिनंच मोजतो," बाबा म्हणाले होते. "शर्ट बसतो. मग कुणाचं काय बिघडलं?"

"माप म्हणजे माप," साहेब म्हणाले होते. वय सत्तावीस. त्या वयात असली वाक्यं फार सुचतात.

रागावणं, आदळआपट असलं बाबांनी काही केलं नाही. संध्याकाळी जेवताना एवढंच म्हणाले, "तुझे शर्ट आता बाहेरून आण. माझं माप खोटं आहे." त्या दिवसापासून साहेब तयार शर्ट घालत. एकतीस वर्षांत एक धड बसला नव्हता. गळा बसला तर बाह्या बोटांपर्यंत यायच्या, आणि बाह्या बसल्या तर गळ्याचं बटण लावल्यावर साहेबांचा आवाज बारीक व्हायचा. साऱ्या गावाची मापं ठीक करणारा माणूस स्वतः बेमाप कपड्यांत हिंडला. टेपचा विषय मात्र घरात पुन्हा कुणी काढला नाही.

तर झडपा. साहेबांनी त्या मनावर घेतल्या, इथेच घोडं पेंड खायला लागलं.

बातमी फुटायला अर्धा दिवस पुरला. वरच्या मजल्यावरचे प्रोफेसर वर्तमानपत्र हातात घेऊनच खाली आले. ते शिकवायचे अर्थशास्त्र, पण सल्ला कुठल्याही शास्त्रात देत.

"लाकूड कशाला? लाकूड फुगतं. काच लावा."

"काचेतून वारा येत नाही."

"मग जाळी लावा."

"जाळीतून पाऊस येतो."

"मग पाऊस नसेल तेव्हा बसा," असं म्हणून प्रोफेसर वर गेले. प्रश्न सोडवल्याचं समाधान त्यांच्या चालण्यात दिसत होतं.

समोरच्या काकूंचं म्हणणं निराळं. झडपा लावल्या तर आम्हाला बाबा कसे दिसणार, आणि मुख्य म्हणजे बाबांना आम्ही कशा दिसणार, अशी त्यांची तक्रार होती. साहेबांनी त्यांना कागदावर आडव्या पट्ट्या काढून दाखवल्या. पट्ट्या फिरवल्या की उजेड येतो, वारा येतो, पाऊस येत नाही. काकूंनी चित्र उलटं धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही शिडी कशाला?"

मग परवानगी. साहेब सरकारी माणूस, परवानगीवाचून खिळा ठोकणार नाहीत. बांधकाम कचेरीच्या सात नंबरच्या खिडकीत एक कारकून बसला होता. त्यानं अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"व्हरांडा बंद करताय की उघडा ठेवताय?"

"झडपा आहेत. कधी बंद, कधी उघड्या."

"असं नाही चालत. बंद करायचा फॉर्म वेगळा, उघडा ठेवायला फॉर्मच नाही."

"मग बंदचा द्या."

"पण तुम्ही तर उघडणार म्हणता."

दुसरा कुणी असता तर खिडकीत हात घालून कारकुनाचा गळा धरला असता. साहेबांना भरून आलं. इतका काटेकोर माणूस त्यांनी वर्षभरात पाहिला नव्हता. दोघांनी पाऊण तास चर्चा केली, मागच्या रांगेतली माणसं कंटाळून घरी गेली, आणि शेवटी "बंद, परंतु उघडण्याजोगा" असा एक नवा प्रकार दोघांनी मिळून काढला. कारकून म्हणाला, "मोकळ्या जागेचं नक्की माप लिहून आणा. त्याच्यापुढे बोटभर वाढलं तर परवानगी रद्द."

"बोटभर?" साहेब हसले. "माझ्या मापात केसभर फरक निघाला तर नाव बदलून टाकीन."

खिडकीत उभं राहून असली वाक्यं बोलू नयेत.

आता माप घ्यायचं, तर घरात टेप नव्हती. वजनमाप खात्याच्या माणसाच्या घरात टेप नाही म्हणजे काय, असं कुणीही विचारेल. होत्या ना. एक पोलादी टेप होती, तिचं टोक अर्धा मिलिमीटर हलायचं म्हणून साहेबांनी ती टाकून दिली. दुसरी उन्हात तापून वाढते असा संशय आला म्हणून ती गेली. निरोप समारंभात मिळालेली पितळी मीटरपट्टी मखमलीच्या पेटीत होती, पण वापरली की झिजते म्हणून ती पेटीबाहेर यायची नाही. साहेबांच्या पसंतीला उतरेल असं माप त्यांच्या स्वतःच्या घरात एकही उरलं नव्हतं.

दुपारी कचेरी बंद व्हायच्या आत कागद द्यायचा होता. साहेबांनी घर डोक्यावर घेतलं. शेवटी बायकोनं शिवणाच्या डब्यातून कापडी टेप काढून हातावर ठेवली.

"ही नीट आहे का?"

"ब्लाउज शिवतेय हिच्यावर इतकी वर्षं. एकही चुकला नाही. तुमचे शर्ट बघा आणि मग मला विचारा."

 टेपवरचे आकडे फिकट झाले होते, टोकाला एक बारीक भोक होतं, पण गडबडीत भोकाकडे कोण बघतो? साहेब स्टुलावर चढले. बाबा मशीनवर पिशवीचा बंद शिवत होते. त्यांचं पायडल थांबलं. ते चष्म्यावरून बराच वेळ टेपकडे बघत राहिले.

"मिस्त्रीलाच मोजू दे की," बाबा म्हणाले.

"बाबा, मोजणं हा माझा धंदा होता."

"हो, ते आहेच," बाबा म्हणाले आणि पुन्हा पायडल मारू लागले.

रुंदी तीनशे सेंटिमीटर, उंची दीडशे. साहेब तर बेहद्द खूश. इतके गोल आकडे! ज्यानं घर बांधलं तोही आपल्यासारखाच असणार, असं त्यांना वाटलं. त्यांनी आकडे कागदावर लिहिले, खाली सही केली आणि जुना "तपासले" असा शिक्का शोधून तोही मारला. शिक्का जवळ ठेवायला परवानगी नव्हती, पण शाई वाळू नये म्हणून ठेवला होता, असं त्यांचं म्हणणं.

कागदाची एक प्रत कचेरीत गेली, एक मिस्त्रीकडे. मिस्त्री पन्नाशीचा, कानावर पेन्सिल, बोलायला थोडा आणि रंध्याला पक्का. तो व्हरांड्यासमोर उभा राहिला, एक डोळा मिटून इकडून तिकडे पाहिलं आणि कंबरेची पोलादी टेप काढायला लागला.

"गरज नाही," साहेबांनी हात वर केला. "माप दिलंय."

"साहेब, मला वाटतंय जागा जरा जास्त आहे."

"वाटण्यावर काम चालत नाही. मोजमाप माझं, सुतारकाम तुमचं."

मिस्त्रीनं कागदावरचा शिक्का पाहिला, टेप परत कंबरेला लावली आणि म्हणाला, "बरं. तुमचा शिक्का, तुमच्या झडपा." ही धमकी होती हे साहेबांना पुढे कळलं.

तीन आठवडे गेले. आकाश भरून यायला लागलं होतं. समोरच्या काकू रोज विचारत, "आल्या का शिड्या?" बाबा रोज मशीन पुसत आणि माळ्याकडे बघत. एके दिवशी सकाळी झडपा आल्या, आणि खरं सांगायचं तर त्या देखण्या होत्या. सहा झडपा, प्रत्येकीला आडव्या पट्ट्या, एक दांडी ओढली की सगळ्या पट्ट्या एकदम फिरत. मिस्त्रीनं आपल्या माणसांकडून चौकट उचलली, खांबांमध्ये उभी केली, डावीकडे सरकवली. उजवीकडे चार बोटांची फट राहिली. उजवीकडे सरकवली. फट डावीकडे गेली. वर पाहिलं तर तुळईखाली दोन बोटं आभाळ दिसत होतं.

 मग वरून प्रोफेसरांचा आवाज आला, "लाकूड आखडलं. मी सांगितलं होतं."

"तुम्ही फुगतं म्हणाला होतात," काकू समोरून ओरडल्या.

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. चार बोटं! ज्या माणसानं आयुष्यभर केसाच्या फरकावर खटले भरले, त्याच्या स्वतःच्या व्हरांड्याला चार बोटांची फट, तीही भर गल्लीत, माणसं बघत असताना. त्यात देवालाच गंमत वाटली की काय, पण पावसाची एक सर आली आणि चार बोटांच्या फटीतून नेमकी मशीनवर पडली. बायकोनं माळ्याची शिडी काढली. बाबांनी मशीनवर चादर टाकली आणि चादरीवर हात ठेवून बसून राहिले.

"तुमची टेप खोटी आहे," साहेब मिस्त्रीवर कडाडले.

मिस्त्रीनं शांतपणे कागद काढला. "तीनशे बाय दीडशे. मोजून घ्या झडपा."

"कशानं मोजू? तुमच्याच खोट्या टेपनं? मी खात्याला बोलावतो. पंचनामा होऊ द्या. तोवर शिडी कुणी हलवायची नाही!"

शेवटचं वाक्य बायकोसाठी होतं. तिनं शिडी भिंतीला टेकवली, पण परत ठेवली नाही.

दुपारी खात्यातून निरीक्षकबाई आल्या. त्या साहेबांच्या हाताखाली तयार झालेल्या. साहेबांसारखीच चाल, तशीच कातडी बॅग, बोलताना तसंच "नियमानुसार." त्यांना गेटातून येताना बघून साहेबांना वाटलं, आपणच चालत येतोय, फक्त शर्ट नीट बसलाय.

तोवर व्हरांड्यासमोर गर्दी जमली होती. उसवलेलं काही नसतानाही लोक पिशव्या घेऊन आले होते.

बाईंनी पितळी प्रमाणपट्टी काढली, मिस्त्रीची टेप तिच्यावर ठेवली, भिंग लावलं.

"बिनचूक."

"पुन्हा बघा."

"साहेब, दोनदा बघितलं. नियमानुसार." मग त्यांनी वहीचं पान उलटलं. "आता तक्रारदाराचं माप."

"माझं?"

"नियम सोळा. तक्रारदारानं स्वतः मोजलं असेल तर त्याचंही साधन तपासावं. हा नियम तुम्हीच घालून घेतलात, साहेब. मसुदा तुमच्या अक्षरात आहे."

बायको आत गेली आणि टेप घेऊन आली. बाईंनी ती पट्टीवर सरळ केली. पट्टी मीटरला संपली तेव्हा टेपवर अठ्ठ्याण्णव होते. बाईंनी टोकाचं भोक पाहिलं. टेप उलटी केली. मागच्या बाजूला फिकट शाईत एक आकडा होता. त्यांनी तो मोठ्यानं वाचला, आणि साहेब टेपवर वाकले. ते अक्षर त्यांचं होतं. सत्तावीस वर्षांच्या त्यांचं.

"ही जप्तीतली आहे," बाई म्हणाल्या. "नोंदवहीत असणार."

"नोंदवहीत 'नष्ट केली' असं आहे," साहेब पुटपुटले. "माझी सही आहे."

तीस वर्षांच्या नोकरीत एक खोटी नोंद, आणि ती आता गल्लीसमोर उघडी पडली होती. झालं होतं असं, की खटला समज देऊन मिटला आणि टेप नष्ट करायची पाळी साहेबांवर आली. कचेरीत सगळे कात्रीनं टेपा कापत बसले होते. साहेबांच्या हातून ती कापवेना. त्यांनी ती खिशात घातली, घरी येऊन बायकोला म्हणाले, "जाळून टाक," आणि दुसऱ्या दिवशी सही केली.

"जाळली का नाहीस?" त्यांनी आता बायकोला विचारलं.

"चांगली होती," ती म्हणाली. "आणि तुम्हीच का नाही जाळलीत?"

 साहेब बाबांकडे वळले. "बाबा, मी मोजत होतो तेव्हा तुम्ही बघत होतात. तुम्हाला माहीत होतं?"

"माझी टेप मी ओळखणार नाही? सूनबाईंच्या डब्यात पहिल्याच महिन्यात ओळखली."

"मग बोललात का नाही?"

"म्हटलं ना, मिस्त्रीला मोजू दे. आणखी काय बोलू? माझं माप खोटं."

  बाईंनी खाली मान घालून बॅगेतून चिठ्ठी आणि तार काढली.

"मला ही जप्त करावी लागेल, साहेब."

"न्या, बाई," बाबा म्हणाले. "एकदा जाऊन आलीय. रस्ता माहीत आहे तिला."

बाईंनी टेप गुंडाळायला घेतली. आणि साहेबांनी, ज्यांनी आयुष्यात कधी सरकारी कामात अडथळा आणला नव्हता, टेपचं दुसरं टोक धरलं.

"थांबा. ह्या टेपनं कुणाचं काय नुकसान झालं? माणूस हिनंच मोजला, कापड हिनंच मोजलं. शर्ट बसला. मी लहानपणापासून सत्तावीस वर्षांचा होईपर्यंत ह्या माणसाचे शर्ट घातले, एकही चुकला नाही. त्याच्यानंतर एकही बसला नाही. चूक टेपची नव्हती. मी हिच्यानं मोजलं आणि कापायला दुसऱ्या टेपवर दिलं, चूक माझी आहे. तेव्हाही माझीच होती. चारचौघांत केली होती, चारचौघांत सांगतो."

तयार शर्टाची कॉलर आवळली म्हणा, की आणखी काही म्हणा, शेवटचे शब्द जरा बारीकच आले.

बाई अवघडून म्हणाल्या, "साहेब, तुम्हीच आम्हाला शिकवलंत. शिंपी नेहमी असं म्हणतो, की माणूस आणि कापड एकाच टेपनं मोजतो. ऐकू नका."

"चुकीचं शिकवलं."

"मग मी वहीत काय लिहू?"

दोन्ही टोकं धरून दोघं उभे राहिले. मग बाईंच्या डोळ्यांत एकदम सरकारी चमक आली. "आजोबा, तुम्ही शिलाईचे पैसे घेता?"

"छे, छे."

"बाहेर कापड विकता?"

"मला बटणंसुद्धा हेच लोक आणून देतात."

"मग हे धंद्याचं माप नाही. घरगुती वस्तू. घरगुती वस्तूला कायदा लागत नाही." बाईंनी टेप सोडली. "नोंदवहीतल्या 'नष्ट केली'चं काय करायचं ते मी कचेरीत जाऊन बघते. वहीचं ते पान वाळवीनं खाल्लं असेल तर बरं. पण साहेब, अप्रमाणित मापानं मोजून मिस्त्रीला कामाला लावलंत, त्याबद्दल तुम्हाला समज द्यावी लागेल."

त्यांनी तिथेच कागद काढून लिहिलं, "आपणांस याद्वारे समज देण्यात येते." साहेबांनी वाचलं, खिशातलं पेन काढलं, 'याद्वारे'च्या आधी तारीख घालायची राहिली होती ती घातली आणि सही केली. आयुष्यात इतकी नीटनेटकी समज त्यांना कुणी दिली नव्हती.

मग सगळ्यांची नजर फटीकडे गेली. माळ्याची शिडी अजून भिंतीला टेकलेली होती.

"वर एक पट्टी आणि उजवीकडे एक पट्टी जोडतो," मिस्त्री म्हणाला. "माप घ्या."

साहेबांनी हात मागे बांधले. "मी नाही."

बाबा उठले. त्यांनी टेप घेतली, जरा चोळली, गळ्यात टाकली, आणि ब्याऐंशी वर्षांचा माणूस स्टुलावर चढला. खाली साहेबांनी स्टूल धरलं. बाबांनी दोन्ही मापं घेतली आणि मिस्त्रीनं पेन्सिल काढली तेव्हा म्हणाले, "आकडा लिहू नकोस. टेपच घेऊन जा. ह्याच टेपनं मापलंय, ह्याच टेपनं काप. आणि संध्याकाळच्या आत आणून दे. माझी आहे ती."

संध्याकाळच्या आत पट्ट्या आल्या आणि अशा बसल्या, की मिस्त्रीनं ठोकायच्या आधी हात सोडला तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. रिमझिम सुरू झाली. झडपा लागल्या, दांडी ओढली, पट्ट्या फिरल्या. बाहेर पाऊस आणि आत कोरडं मशीन. समोरच्या काकू गेटाशी छत्री घेऊन उभ्या राहिल्या आणि पट्ट्यांमधून बघून ओरडल्या, "बाबा, दिसताय हो! तुकड्या-तुकड्यांत, पण दिसताय!" बायकोनं शिडी उचलली आणि परत जागेवर ठेवून आली.

परवानगीत तीनशे बाय दीडशे लिहिलंय आणि प्रत्यक्षात व्हरांडा जास्त भरतोय, हे कारकुनाला कळलं तर काय, असं प्रोफेसरांनी वरून विचारलं. "घरच्या टेपनं तीनशेच भरतो," साहेब म्हणाले. "मोजून बघा."

मिस्त्री टेप देऊन गेला. बाबांनी ती गळ्यात अडकवली. मग मशीनवरची चादर काढून घडी घालता घालता म्हणाले, "इकडे ये रे."

साहेब पुढे झाले.

"तो शर्ट काढ. बघवत नाही मला. एकतीस वर्षं बघतोय."

साहेबांनी शर्ट काढला. अठ्ठावन्न वर्षांचे मिलिमीटरसाहेब बनियनवर उभे राहिले, पट्ट्यांमधून सगळ्या गल्लीला तुकड्या-तुकड्यांत दिसत. बाबांनी टेप त्यांच्या गळ्याभोवती फिरवली, नेहमीसारखं एक बोट आत घालून.

"साडेअडतीस," बाबा म्हणाले. "बरोबर?"

साहेबांच्या ओठांवर खरा आकडा आला होता. तो त्यांनी गिळला.

"बरोबर," ते म्हणाले.

"हात वर कर," बाबा म्हणाले.

साहेबांनी दोन्ही हात वर केले.